सेल्फ : हँडलपासून कार्बनपर्यंत



इतिहासाच्या व्याख्यानमालेत स्टार्टर मोटर कशी काय आली, असं आज सकाळपासून दोघातिघांनी विचारलं. उत्तर देण्याआधी एका शब्दाकडे बघू. साकोलीच्या हमरस्त्यावर बंद पडलेल्या गाडीजवळ उभं राहिलात तर ‘स्टार्टर’ हा शब्द फारसा कानावर येत नाही. ‘गाडी सेल्फ नाही घेऊन राह्यली’ असं म्हणतात. पुण्याकडे ‘सेल्फ उचलत नाही’ म्हणतील, तरी शब्द तोच. इंग्रजीत मूळ शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’ असा जोडशब्द होता. त्यांनी पुढे पहिला भाग टाकला आणि ‘स्टार्टर’ ठेवला. आपण नेमका दुसरा टाकला. मला यात गंमत वाटते, कारण आपल्या शब्दात त्या काळातलं आश्चर्य अजून शिल्लक आहे. गाडी स्वतःहून सुरू होते! म्हणजे त्याआधी ती स्वतःहून होत नव्हती, कुणीतरी करून द्यावी लागायची.

ते कुणीतरी म्हणजे क्लीनर. गाडीच्या तोंडाशी एक भोक असायचं, त्यात लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातावर यायचं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडण्याला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते नाव यावरूनच पडलं. म्हणून जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिली गोष्ट शिकवायचे ती म्हणजे अंगठा. हँडल धरताना अंगठा दांड्याला वेढायचा नाही, बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. झटका आला तर हँडल हातातून सुटतं, अंगठा वाचतो. दुसरी गोष्ट, खाली ढकलायचं नाही, वर ओढायचं. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन हँडलनं सुरू केलेले शेतकरी या सभागृहात असतील, त्यांना हे सांगायची गरज नाही. त्या इंजिनाला निदान डिकॉम्प्रेशनचा खटका होता, आधी वेग घेऊन मग खटका सोडता यायचा.

आता स्टार्टरचा जो इतिहास पुस्तकात मिळतो तो थोडक्यात सांगून टाकतो. अमेरिकेत डेटन गावात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. मोटारीकडे वळण्याआधी तो कॅश रजिस्टरच्या कारखान्यात काम करायचा. दुकानातल्या गल्ल्याच्या त्या यंत्राला त्यानं विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला एक गोष्ट कळली. गल्ला उघडायला मोटर सेकंदभरच चालते. सेकंदभरच चालायचं असेल तर छोट्या मोटरवर तिच्या ताकदीच्या कितीतरी पट भार टाकता येतो, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही. मोटारगाडीचं इंजिन फिरवायला इंजिनाएवढी मोठी मोटर लागेल, असं तोवर लोक धरून चालले होते. केटरिंगनं गल्ल्याचा हिशेब गाडीला लावला. १९११ मध्ये कॅडिलॅक गाडीवर प्रयोग यशस्वी झाला आणि १९१२ च्या मॉडेलपासून तो विक्रीला आला. हँडलच्या झटक्यानं एका ओळखीच्या माणसाचा जीव गेला म्हणून कॅडिलॅकच्या प्रमुखानं हे काम हाती घेतलं, अशी एक हळवी गोष्ट नेहमी सांगतात. तिच्या तपशिलांवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, म्हणून मी ती इथेच सोडतो. केटरिंगची ‘डेल्को’ कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये गेली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा लागेल.

याच दशकात व्हिन्सेंट बेंडिक्स यानं दुसरा अर्धा प्रश्न सोडवला. मोटरच्या टोकाला नऊ-दहा दातांचं छोटं पिनियन असतं आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवर शंभराहून जास्त दातांची रिंग. पिनियन रिंगमध्ये अडकलं पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की लगेच सुटलंही पाहिजे. नाहीतर इंजिनच मोटरला दहापट वेगानं फिरवेल आणि तिच्या चिंध्या होतील. बेंडिक्सनं पिनियन आट्यांवर बसवलं. मोटर झटक्यात फिरली की ते स्वतःच्या जडपणामुळे मागे राहतं, आट्यांवरून पुढे सरकतं आणि रिंगला जाऊन लागतं. आजच्या स्टार्टरमध्ये ही रचना नसते. वर बसवलेला सोलेनॉइड लिव्हरनं पिनियन पुढे ढकलतो आणि सुटण्याचं काम एकाच दिशेनं पकडणारा क्लच करतो. तरी आपल्याकडे त्या भागाला ‘बेंडिक्स’च म्हणतात. ‘बेंडिक्स गेला’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला माहीत नसतं की तो एका माणसाचं नाव घेतोय. त्याचं काही बिघडतही नाही त्यात.

इथवरचा इतिहास शोध लावणाऱ्यांचा. माझा आजचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. यंत्राचा एक इतिहास ते जन्मतं तेव्हाचा असतो आणि एक ते टिकतं तेव्हाचा. स्टार्टरचा जन्म डेटनला झाला. तो वीस-वीस वर्षं टिकला तो मात्र साकोलीसारख्या गावांत, रस्त्याच्या कडेला, बोरीच्या पोत्यावर बसून काम करणाऱ्या माणसांच्या हातून. आणि तो टिकू शकला याला यंत्राच्या आतलंच एक कारण आहे. ते कारण म्हणजे कार्बन.

ब्रशला आपल्याकडे ‘कार्बन’ म्हणतात ते योग्यच. ब्रश हे नाव जुनं आहे. सुरुवातीच्या डायनामोंमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवायला तांब्याच्या तारांची जुडी टेकवून ठेवत. दिसायला ती खरोखर ब्रशसारखी. पण तांब्यावर तांबं घासलं की ठिणग्या उडतात, आणि दोन्ही झिजतात. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्सनं इंग्लंडात कार्बनच्या तुकड्याचं पेटंट घेतलं आणि १८८८ च्या सुमारास व्हॅन डेपोल यानं ट्रामच्या मोटरींत कार्बन बसवून दाखवला. कार्बन मऊ. स्वतःच वंगणाचं काम करतो. झिजतो तो, कम्युटेटर नाही. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली. म्हणजे कॅडिलॅकला स्टार्टर बसायच्या आधीच मुंबईच्या रस्त्यांवर मोटरी धावत होत्या आणि कुणीतरी त्यांची ब्रशं बदलत होतं. ट्राम आणि मोटारगाडी हे दोन इतिहास आपण वेगवेगळे शिकतो, पण कार्बन बदलणाऱ्याच्या दृष्टीनं ते एकच काम आहे.

फरक एकच. ट्रामला शेकडो व्होल्ट मिळतात, गाडीला बारा. साधी गाडी सुरू होताना दोनशेच्या आसपास अँपिअर ओढते. घरातले साठ वॉटचे सातशे-आठशे बल्ब एकदम लावले तर जेवढा करंट लागेल तेवढा, एका बॅटरीतून! एवढ्या करंटला साधा कार्बन चालत नाही. प्रत्येक ब्रशच्या टेकण्याच्या जागी जवळजवळ एक व्होल्ट खाल्ला जातो. वीज एका ब्रशमधून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर येते, म्हणजे बारातले दोन गेले. म्हणून स्टार्टरच्या ब्रशमध्ये ग्रॅफाइटबरोबर तांब्याची भुकटी भरपूर मिसळतात. हातात घ्या, जड लागतो आणि लालसर चमकतो. मिक्सरचा किंवा ड्रिलचा काळा कार्बन घासून, मापात आणून स्टार्टरमध्ये बसवणारे लोक असतात. बसतो, गाडीही एखादवेळी सुरू होते. पण इंजिन संथ फिरतं आणि बॅटरीला बोल लागतो.

तर झिजायचं काम एका बोटभर तुकड्यावर सोपवायचं, म्हणजे बाकीचं यंत्र जगतं. ही कल्पना ज्यांनी कुणी यंत्रात आणली त्यांनी नकळत दुरुस्ती करणाऱ्यालाही त्यात जागा करून दिली. माझा सगळा मुद्दा या जागेबद्दल आहे.

आता साकोलीत येऊ. नागपूर ते रायपूर हा ब्रिटिश काळातला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडून तो लाखनी, साकोली, देवरी करत छत्तीसगडात उतरतो. पुढे तो मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग सहा झाला, आता त्रेपन्न आहे. जुन्या भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिलींपैकी साकोली एक होती. मुंबई-हावडा मुख्य रेल्वे मात्र वरच्या अंगानं गोंदियाकडे गेली. जवळची सौंदडची लाईन दुय्यम. रेल्वे बाजूला राहिली की गावाचं सगळं नशीब रस्त्यावर येतं. नागपूर इथून शंभर किलोमीटर, रायपूर त्याहून बरंच लांब. लाखनी आणि साकोलीच्या मधे मोहघाट्याचं जंगल, एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगाव बांध. अशा ठिकाणी रात्री बंद केलेलं इंजिन सकाळी सुरू झालं नाही, तर कंपनीचा माणूस येणार नसतो. उतार असेल तर ढकलस्टार्ट होतं, पण धानाच्या या सपाट मुलखात उतार शोधावा लागतो. आणि डिझेलचा भरलेला ट्रक हँडलनं फिरवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं, कारण डिझेल इंजिन हवा फार जोरानं दाबतं. १९५४ मध्ये टेल्कोनं मर्सिडीज-बेंझबरोबर जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले. ते ट्रक या रस्त्यावर आले तसं हँडल संपलं आणि सेल्फवर सगळा भरवसा आला. मोटर वाइंडिंगवाला आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ही दोन दुकानं हमरस्त्यावरच्या गावात पंक्चरवाल्याच्या शेजारी दिसतात, ती यामुळे.

एक सरकारी धागाही आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता. १९५६ नंतर विदर्भ मुंबई राज्यात आला, तशी इकडची सरकारी बससेवाही त्या महामंडळाला जोडली गेली. साकोलीला आज भंडारा विभागाचं आगार आहे. दापोडी, चिकलठाणा आणि आपल्या बाजूला हिंगणा अशा एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा. काम शिकण्याची एक शिडीच तयार झाली यातून : आयटीआय, मग आगार, मग स्वतःचं टपरीवजा दुकान. दुसरी शिडी क्लीनर, ड्रायव्हर, मिस्त्री अशी. पहिलीला कागद मिळतो, दुसरीला मिळत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना कागद लागतात, म्हणून दुसऱ्या शिडीवरचे लोक पुस्तकात येत नाहीत.

आता डेल्को. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि सुटे भाग आणून शेवरले गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही मुंबईत होती. या गाड्यांची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलात विकल्या गेलेल्या लष्करी ट्रक-जीपांची, इकडे चांगलीच चलती होती. केटरिंगचा स्टार्टर आपल्याकडे आला तो असा, शेवरलेच्या पोटात बसून. मग १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की ज्यांना इथे उत्पादन करायचं नाही, नुसती जोडणी करायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. धोरण म्हणून मला ते योग्यच वाटतं. त्यामुळेच प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, टेल्को, महिंद्र उभ्या राहिल्या, आणि १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएस सुरू होऊन स्टार्टर-डायनामो इथे बनायला लागले. पण रस्त्यावर चालणाऱ्या हजारो शेवरले आणि फोर्डचं काय? आयातीवर निर्बंध, परकीय चलनाची टंचाई, पार्ट नाही. गाडी मात्र रोजचं पोट चालवणारी. तेव्हा स्टार्टर उघडणं हा कुणाचा छंद नव्हता. ब्रश मिळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा घासून बसव, बुश मिळत नसेल तर लेथवर पितळेचा काढ, आर्मेचर जळलं तर तार मोजून पुन्हा गुंडाळ. पंधरा-वीस वर्षं असं चाललं आणि त्यातून एक कसब तयार झालं. टंचाईनं शिकवलेलं कसब आहे ते, त्याची आरती करावी असं मी म्हणणार नाही. पण ते कसब आहे.

एक फाटा फोडतो. त्या काळचा कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्या, त्यांच्यामधे अभ्रक, आणि अभ्रकाचे पापुद्रे चिकटवायला लाख. अभ्रकासाठी जगभरातले कारखाने कोडर्म्याकडे बघायचे. लाख आपल्या पळसावर होते, गोंदिया तर लाखेच्या धंद्यासाठी ओळखलं जायचं. तांबं शेजारच्या बालाघाटात मलाजखंडला आहे, ती खाण बरीच नंतर सुरू झाली. म्हणजे परदेशी यंत्र उघडलं की आत आपलाच मुलूख निघायचा. अमुक एका स्टार्टरमध्ये गोंदियाची लाख होती असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण हा माल कुठल्या रानातून जात होता हे ठाऊक असलं म्हणजे ‘परदेशी तंत्रज्ञान’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

बरं, प्रत्यक्ष काम. टेबलावर हा जुना स्टार्टर उघडून ठेवलाय, मागच्यांना दिसत नसेल तर नंतर पुढे या. हे काम घरी होतं का? होतं. ज्याला पाना धरता येतो त्याला अर्ध्या दिवसात होतं. मिस्त्री लोक सांगतात त्या क्रमानं सांगतो.

आधी खात्री करा की दोष सेल्फचाच आहे. किल्ली फिरवल्यावर टकटकटकटक असा आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा क्षार चढलेला असतो. मोटर घुर्रकन मोकळी फिरली आणि इंजिन हललं नाही, तर क्लच. नुसतं एकदा ‘टक’ होऊन सगळं शांत झालं आणि बॅटरी ठीक असेल, तर ब्रशवर किंवा सोलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर संशय घ्यायचा. अर्थची पट्टी विसरू नका. चेसिसला जोडलेली ती वेणी गंजली की चांगला सेल्फही मरगळतो. अर्थ साफ न करता सेल्फ बदलणारे आणि मग तीच तक्रार घेऊन परत येणारे गिऱ्हाईक प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतात.

काढताना बॅटरीची अर्थची वायर आधी सोडायची. हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. स्टार्टरची जाड वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला असते, पाना चेसिसला लागला तर वेल्डिंग होतं. मग स्टार्टरची नळी आणि दोन्ही झाकणं यांच्यावर टोच्यानं खुणा करा, म्हणजे जुळवताना फिरणार नाही. लांब बोल्ट काढले की मागचं झाकण सुटतं आणि ब्रशांचा सांगाडा दिसतो. बहुतेक गाड्यांत चार ब्रश. दोन अर्थला, दोन फिल्ड कॉइलला. मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदला. घरात अडकून बसले असतील तर लांबी पुरेशी असूनही ते कम्युटेटरला टेकत नाहीत. स्टार्टरला हातोडीचा हलका ठोका दिला की गाडी सुरू होते, हा जो नुस्का आहे तो यामुळे चालतो. ठोक्यानं अडकलेला ब्रश सरकतो. एवढ्यावर चार दिवस निघतात. पण नव्या गाड्यांच्या स्टार्टरमध्ये फिल्ड कॉइलऐवजी कायमचे चुंबक चिकटवलेले असतात आणि ते चिनीमातीसारखे ठिसूळ. तिथे हातोडी मारली तर चुंबक तडकतो आणि खेळच संपतो. नुस्का खरा होता, यंत्र बदललं.

धुण्याबद्दल. सवय अशी की रॉकेलच्या तसराळ्यात सगळं टाकायचं. तसं करू नका. बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, त्यांच्या पोटात तेल भरलेलं असतं, रॉकेल ते धुऊन काढतं. नवा बुश बसवायच्या आधी रात्रभर तेलात ठेवावा तो म्हणूनच. क्लचच्या आत ग्रीस असतं, तेही धुऊन जातं. कोरडं फडकं आणि ब्रश पुरे. कम्युटेटर काचपेपरनं साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात.

ब्रश बदलताना कस लागतो तो डाग देण्यात. अर्थचे ब्रश बहुधा स्क्रूचे असतात, फिल्डचे झाळलेले. रेडिओचं छोटं सोल्डरिंग आयर्न इथे काही करू शकत नाही. जाड तांबं उष्णता ओढून घेतं. मोठं आयर्न हवं, किंवा जुन्या पद्धतीनं शेगडीत तापवलेलं. आणि ब्रशची वेणी पकडीनं धरा, म्हणजे कथील वर चढणार नाही. चढलं तर वेणी काडीसारखी कडक होते, ब्रश घरात मोकळा हलत नाही, आणि सगळी मेहनत वाया. काही स्टार्टरच्या फिल्ड कॉइल ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना डाग लागत नाही. तिथे जुनी वेणी मुळाशी न तोडता बोटभर ठेवतात आणि नवी तिलाच जोडतात. कारखान्याची पुस्तकंही हेच सांगतात. पण ही पुस्तकं न वाचलेल्या लोकांनीही ते शोधून काढलं होतं.

नवा ब्रश सपाट असेल तर कम्युटेटरला काचपेपर गुंडाळून त्यावर ब्रश घासून गोलाई आणायची. मग जुळवणी. चार स्प्रिंग, चार ब्रश, आणि मधे आर्मेचर घालायचं, हात दोनच. ब्रश वर उचलून स्प्रिंग त्याच्या कुशीला टेकवून ठेवली की तो वरच थांबतो; आर्मेचर आत गेलं की तारेच्या आकड्यानं एकेक खाली सोडायचा. शेवटी जम्पर केबलनं चाचणी. पायाखाली किंवा पकडीत घट्ट धरून, कारण सुरू होताना तो उसळतो. दोन-तीन सेकंद पुरेत. फिल्ड कॉइलचा स्टार्टर भाराविना सोडला तर वेग वाढतच जातो.

एवढंच आहे सगळं. चार कार्बन, दोन बुश, थोडं कथील. आणि आता प्रश्न असा की हे उद्या कुणाला करता येईल?

१९९१ नंतर पार्टची टंचाई गेली. चांगलंच झालं. पण त्याबरोबर हिशेब बदलला. आता पूर्ण स्टार्टर दुकानात तयार मिळतो. मिस्त्रीला ब्रश बदलायला दोन तास लागतात, नवा स्टार्टर लावायला अर्धा. ज्या गिऱ्हाइकाला ट्रिप गाठायची आहे तो नवाच मागतो. ब्रश सुटा मिळत नाही, प्लेटसकट घ्यावा लागतो. काही ठिकाणी प्लेटही मिळत नाही, झाकणं दाबून बसवलेली, उघडायला जागाच नाही. झिजण्याची जागा तीच आहे, तिथपर्यंत हात पोचायची वाट बंद केलीय. भंगारात जाणाऱ्या एखाद्या स्टार्टरचं वजन करून बघा. तीन-चार किलो लोखंड आणि तांबं, आणि झिजलेलं काय, तर चार कार्बन.

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, वाहनंही आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग द्यावेत, अशी त्यामागची कल्पना. मला ती मान्य आहे. मात्र तिथे ग्राहक आणि कंपनी हे दोघेच धरलेले दिसतात. मधला तिसरा, टपरीवरचा, ज्याच्यामुळे तो हक्क प्रत्यक्षात येणार आहे, त्याची नोंद कुठे आहे? त्याला इंग्रजी पुस्तिकेची पीडीएफ दिली की काम झालं, असं नाही. हे काम मराठीत बोललं जातं, लिहिलं जात नाही.

दुसरीकडून यंत्रच बदलतंय. २०२० पासूनच्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटर बटण दाबलं की आवाज न करता सुरू होतात, कारण त्यांत वेगळा स्टार्टर नाही. वीज बनवणारं यंत्रच उलटं चालून इंजिन फिरवतं, आणि त्यात ब्रश नाही. ई-रिक्षाला तर सुरू करायचं इंजिनच नाही. म्हणजे कार्बन जाणार. ते व्हायचंच. पण ट्रॅक्टर, ट्रक, जुन्या जीपा अजून पुष्कळ वर्षं या रस्त्यावर राहतील, आणि तेवढ्या वर्षांसाठी तरी हे काम येणारी माणसं लागतील. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या शब्दांत, हे लिहून काढायला हवं. व्याख्यान इथे संपवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : मला दोन मिस्त्र्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्यानं खोल करायचा, दुसरा म्हणतो हात लावू नका. खरं काय?

उत्तर : दोघंही खरं सांगताहेत, फक्त वेगवेगळ्या यंत्रांबद्दल. अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजतो. तांबं खाली गेलं की अभ्रक वर राहतो आणि ब्रशला उचलतो. म्हणून डायनामोत तो खोल करतात. पण जुन्या लुकास स्टार्टरांच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की स्टार्टरचा अभ्रक खोल करू नये. उलट अनेक जपानी स्टार्टरना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोली ठेवायला सांगतात. तेव्हा ज्यानं अँबॅसिडरवर हात बसवला तो एक सांगणार, ज्यानं नव्या गाड्यांवर बसवला तो दुसरं.

प्रश्न : घरी करताना कुठे थांबावं?

उत्तर : आर्मेचरला जळका वास आला, किंवा पट्ट्यांच्या मुळाशी कथील वितळून बाहेर फेकलेलं दिसलं, तर तिथे थांबा. टेस्ट लॅम्पचं एक टोक कम्युटेटरला आणि दुसरं शाफ्टला लावा. दिवा लागला तर वाइंडिंग बॉडीला लागलंय, मग नवे ब्रश टाकून उपयोग नाही. ते वाइंडिंगवाल्याकडे न्या. दिवा लागला नाही आणि तांबं गुळगुळीत असेल, तर चार कार्बन आणा आणि बसवा.